हिमालयन ४११ रोजच्या वापरासाठी : एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ मधल्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल, रविवार. मीटर ४१,२१० किलोमीटर

गाडी काल संध्याकाळी घरी आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये नोंदणी झालेली, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे जुने निकष) प्रकारातली, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली रॉयल एनफील्ड हिमालयन, ४११ सीसी. व्यवहार ९८,००० रुपयांना ठरला. आधीच्या मालकांनी तिच्यावरून दोनदा लडाखचा आणि एकदा स्पितीचा प्रवास केला होता, आणि त्यानंतर सुमारे दीड वर्ष ती इमारतीच्या पार्किंगमध्ये जवळजवळ उभीच होती. मला ती पुण्यात धायरीहून हिंजवडीला रोज कामावर जाण्यासाठी हवी आहे, म्हणजे जाऊन-येऊन ४८ किलोमीटर, आणि वर्षातून तीन-चार वेळा कोकणात उतरण्यासाठी. लांबच्या प्रवासासाठी बनलेली गाडी रोजच्या रहदारीत नांदवायची तर काय करावे लागते, याचा शोध घेताना मला प्रवासवर्णने भरपूर मिळाली, पण कामाची वही मिळाली नाही. म्हणून ही वही. वेळ, पैसे आणि चुका जशा झाल्या तशाच लिहीन.

आजचा दिवस फक्त तपासणीचा होता. गाडी डबल स्टँडवर घेऊन, मागच्या बाजूला वजन देऊन पुढचे चाक हवेत उचलले आणि हँडल हळूहळू फिरवले, तर ते बरोबर मध्यावर खाचेत बसल्यासारखे अडकले; म्हणजे कोन सेट (हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंगे) गेला आहे. मागची सीट दाबली की शॉकअपच्या खालच्या जोडावरून दाराच्या बिजागरीसारखा आवाज येतो. चेन बाहेरून काळी दिसत असली तरी कड्यांच्या मध्ये तांबूस गंज आहे. पुढच्या टायरवर २८२० हा आकडा आहे, म्हणजे तो २०२० सालच्या २८ व्या आठवड्यातला. नक्षी पुष्कळ शिल्लक आहे, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात. बॅटरी दुसऱ्या सेल्फलाच दमली. जुन्या गाडीच्या टायरची नक्षी सगळे पाहतात, पण हा चार अंकी आकडा वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि किंमत ठरवण्याआधी तो वाचलेला बरा. मी तो व्यवहार झाल्यावर वाचला.

१२ एप्रिल, शनिवार

नवी बॅटरी बसवली, १,९५० रुपये. त्यानंतर इंजिनाचे तेल बदलायला घेतले. १५डब्ल्यू-५० दर्जाचे दोन लिटर तेल १,१८० रुपयांना आणि फिल्टर १९० रुपयांना मिळाला. खालचा संरक्षक पत्रा काढणे, इंजिन थोडे कोमट करणे, तेल सोडणे, फिल्टरच्या झाकणाच्या ओरिंग (रबरी रिंगा) बदलणे हे सगळे तासाभरात नीट झाले. चूक शेवटच्या पाच मिनिटांत झाली. गाडी साइड स्टँडवर कललेली असतानाच मी तेलाच्या काचेत (पातळी दाखवणाऱ्या खिडकीत) पाहिले, पातळी कमी दिसली, आणि घरात असलेल्या दुसऱ्या डब्यातले आणखी तेल ओतले. गाडी सरळ उभी केल्यावर काच पूर्ण भरलेली होती. तरीही मी सिंहगड रस्त्यावरून १२ किलोमीटरची फेरी मारली आणि परत आल्यावर पाहिले, तर जास्तीचे तेल श्वसननळीतून (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या पेटीपर्यंत पोहोचले होते.

१३ एप्रिल, रविवार

जास्तीचे तेल काढण्यासाठी भरणीच्या तोंडातून नळी घालून ते इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने ओढता आले असते. मला ते त्या वेळी सुचले नाही. मी खालचा बोल्ट पुन्हा उघडला, थोडे तेल सोडून तो घाईने परत लावला, थेंब गळताना दिसले म्हणून आणखी पिळला, आणि पाना अचानक हलका झाला. ॲल्युमिनियमचे आटे गेले होते. बोल्ट काढला तेव्हा त्याच्यावर आट्यांची चांदीसारखी तार गुंडाळून आली. थेंब बोल्टच्या ढिलेपणामुळे गळत नव्हते, जुना वायसर चेपला होता म्हणून गळत होते, आणि नवा वायसर दहा-पंधरा रुपयांत येतो.

१९ एप्रिल, शनिवार

भवानी पेठेतल्या एका लेथवाल्या कारागिरांना घरी बोलावून हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची नवी आटे-गुंडाळी) बसवून घेतली, ७०० रुपये. आटे पाडताना आत पडू शकणारा कीस बाहेर यावा म्हणून त्यांनी टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) भरपूर ग्रीस लावले, आणि नंतर आम्ही थोडे तेल वरून ओतून खालून वाहू दिले. त्यामुळे आठवड्यापूर्वीचे नवे तेल वाया गेले आणि १,१८० रुपयांचे तेल पुन्हा आणावे लागले. आता टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंतच आवळता येणारा पाना) घेतला आहे. त्याची किंमत या गाडीच्या खर्चात धरत नाही, कारण तो घरातल्या तिन्ही गाड्यांसाठी आहे; पण तो आधी असता तर दोन शनिवार-रविवार वाचले असते.

२६ आणि २७ एप्रिल

कोन सेटचे काम. खाच पडण्याचे कारण मला असे वाटते की गाडी खराब रस्त्यांवर सामान लादून चालली, नंतर दीड वर्ष हँडल एकाच स्थितीत राहिले, आणि मधल्या काळात ती वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने धुतली गेली असावी, कारण वरच्या बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी करडा चिखल सापडला. नाना पेठेत गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी निमुळत्या रोलरचा संच १,६५० रुपयांना मिळाला. रोलरचा स्पर्श रेषेत असतो, त्यामुळे खड्ड्याचा मार एका बिंदूवर बसत नाही, म्हणून तोच घेतला.

चार तास लागतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात दोन दिवसांत मिळून नऊ तास लागले. पुढचे चाक काढताना ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवली, म्हणजे चुकून लिव्हर दाबली गेली तरी पिस्टन बाहेर येत नाहीत. एबीएसची तार आधी सोडवून बाजूला बांधली. फ्रेममधल्या जुन्या रिंगा लांब सळईने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकून निघाल्या. खालच्या दांड्यावर बसलेली रिंग मात्र हलेना. ती ग्राइंडरने एका बाजूने अर्धवट कापून छिन्नीचा एक घाव घातल्यावर सुटली. कापताना दांड्याला धक्का लागू नये एवढे पथ्य पाळावे लागते. नव्या बाहेरच्या रिंगा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या, त्या जुन्या रिंगेचा आधार देऊन हलक्या ठोक्यांनी बसल्या. जुन्या रिंगा लगेच फेकू नयेत त्या यासाठी.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी नवले पुलाखालच्या संथ रहदारीत गाडी सरळ चालेना. ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाला ती डावी-उजवी हेलकावत होती आणि प्रत्येक वेळी हँडल हाताने परत आणावे लागत होते. बेअरिंग मी फार घट्ट आवळले होते. घरी येऊन नट पाव फेऱ्याहून थोडा कमी ढिला केला. आता पुढचे चाक हवेत असताना हँडलला बोटाने टोचले की ते आपल्या वजनाने एका बाजूला पडते, आणि फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) खालची टोके धरून पुढे-मागे हलवल्यावर ठोका जाणवत नाही. या दोन्ही कसोट्या एकाच वेळी उतरल्या पाहिजेत. मी काल फक्त दुसरी घेतली होती. रोलर बसून घेतात, म्हणून ३०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे आहे.

३ आणि ४ मे

दोन्ही टायर आणले: पुढचा ९०/९०-२१ माप, २,४५० रुपये, मागचा १२०/९०-१७, ३,६०० रुपये, दोन ट्यूब ९०० रुपयांच्या. या गाडीला आऱ्यांची चाके आणि ट्यूब असल्यामुळे रस्त्यात पंक्चर झाले तर चाक काढावेच लागते, म्हणून हे काम घरी शिकून घ्यायचे ठरवले होते. मागचे चाक तासाभरात झाले. पुढच्या २१ इंची चाकात मी लोखंडी पट्टीने ट्यूब चिमटली, नवी आणली, ती पुन्हा चिमटली. ९०० रुपये आणि रविवारची सकाळ गेली.

तिसऱ्या वेळी शेजारच्या काकांनी, ज्यांनी तरुणपणी सायकलचे दुकान चालवले होते, पाहता पाहता चूक दाखवली. मी शेवटचा भाग व्हॉल्व्हपासून लांबच्या टोकाला ठेवत होतो आणि पट्टीचा जोर वाढवत होतो. ते म्हणाले, "अहो, जोर कशाला लावताय? समोरची कड रिमच्या खोलगट भागात ढकला, म्हणजे इकडे आपोआप सैल होईल. आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा." ट्यूबमध्ये ती गोल राहील इतकीच हवा भरली, कडेला साबणाचे पाणी लावले, आणि टायर शेवटच्या चार बोटांपर्यंत नुसत्या हाताने बसला.

चाक बाहेर असतानाच सगळे आरे पान्याने वाजवून पाहिले. मागच्या चाकातल्या तीन आऱ्यांचा आवाज भद्द होता. ते इतरांच्या आवाजाशी जुळेपर्यंत थोडेथोडे आवळले. रिम आउट (वाकडी) झालेली नव्हती.

११ मे, रविवार

कामावर जाण्याचा पहिला आठवडा झाला. २४ किलोमीटरला सरासरी ६५ मिनिटे लागतात, म्हणजे वेग ताशी २२ किलोमीटर. पेट्रोल लिटरला २७ किलोमीटर पडते. वडगाव, चांदणी चौक, बाणेर आणि भूमकर चौक असा रस्ता असल्यामुळे क्लच किती वेळा दाबला जातो याची मोजदाद शक्य नाही.

या आठवड्यात एक हिशेब मांडला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. महिन्याला साधारण १,०५० किलोमीटर होतील. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या सरासरीने तेवढे अंतर साडेसतरा तासांत संपेल, माझ्या रस्त्यावर त्याला ४८ तास लागतील. हे इंजिन हवेने आणि तेलाने थंड होणारे आहे, आणि चौकात उभ्या गाडीला हवा मिळत नाही. मीटरवर किलोमीटर तेवढेच दिसतील, पण तेल, क्लच आणि बेअरिंग यांनी जवळजवळ तिप्पट वेळ काम केलेले असेल. म्हणून आजपासून वहीत तीन रकाने आहेत: किलोमीटर, चालू इंजिनाचे तास, आणि पावसाचे दिवस.

लडाखच्या प्रवासाच्या दोन्ही ॲल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा काढून गॅलरीत ठेवला. सगळे मिळून १७ किलो भरले. पेट्यांमुळे गाडी हँडलपेक्षा रुंद होत होती, आणि दोन वाहनांमधून हँडल निघाले म्हणजे आपण निघालो हा अंदाज रोज चुकत होता. इंजिनाचे गार्ड राहू दिले आहेत.

१७ मे, शनिवार

गुरुवारी क्लच जड झाला होता. केबलचे लिव्हरकडचे टोक उघडून पाहिले तर तारेचे काही धागे तुटलेले होते. नवी केबल ३८० रुपये. जुनी काढण्याआधी तिच्या खालच्या टोकाला मजबूत दोरा बांधला, म्हणजे केबल ओढून काढल्यावर दोरा तिच्याच मार्गात राहतो आणि नवी केबल त्याच वाटेने येते. सोबत दुसरी केबलही घेतली आणि तिची दोन्ही टोके प्लास्टिकने बंद करून ती पहिलीच्या शेजारी टाकून ठेवली.

२५ मे, रविवार. मीटर ४२,०६०

मंगळवारी संध्याकाळी मुसळधार पाऊस आला आणि बाणेरजवळ सगळी गाडी एकदम बंद पडली. मीटर काळे, हॉर्न नाही, सेल्फ नाही. मुख्य फ्यूज उडाला होता. डब्यातला राखीव फ्यूज घातला, तोही दहा मिनिटांत गेला. शेवटी गाडी टेम्पोत घालून घरी आणली, त्याचे ९०० रुपये.

आज टाकी उचलली तेव्हा कारण सापडले. जादा दिव्यांच्या तारा मूळ तारांना सोलून, पीळ देऊन, वरून चिकटपट्टी लावून जोडलेल्या होत्या. उन्हाने पट्टी सुटली होती आणि पाणी थेट तांब्यापर्यंत पोहोचत होते. हे काम कुणी केले याला आता महत्त्व नाही, पण जुनी गाडी घेतल्यावर टाकी उचलून पाहण्याचे काम मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. तापकीर गल्लीतून रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच), स्वतंत्र फ्यूजची डबी, पाणी न शिरणारे जोड आणि उष्णतेने आवळणारी नळी आणली, ९४० रुपये. दिव्यांना बॅटरीपासून स्वतंत्र तार दिली, मूळ बटणाकडून फक्त रिलेला इशारा मिळेल अशी जोडणी केली, आणि सोललेल्या मूळ तारा सोल्डरचा डाग देऊन बंद केल्या. नंतर बादलीभर पाणी मगाने ओतत अर्धा तास दिवे चालू ठेवले. फ्यूज टिकला.

२७ मे, मंगळवार

यंदा मोसमी पाऊस कालच, २६ मे रोजी, मुंबई आणि पुण्यात पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे. चेन आणि मागचा जोड ही दोन कामे मी जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती. ती आता भर पावसात करावी लागतील.

१५ जून, रविवार. मीटर ४२,७८०. पावसाचे दिवस १३

चेनच्या बाबतीत माझा हट्ट नडला. गेले तीन रविवार मी ती वाचवण्याचा प्रयत्न करत होतो: ब्रशने घासणे, रॉकेल मिळत नसल्यामुळे डिझेलने धुणे, ९० नंबरचे गिअर ऑइल लावणे, ताण बसवणे. दर वेळी दोन दिवस आवाज थांबे आणि मग परत येई. आज मागचे चाक हाताने फिरवत चार ठिकाणी ताण मोजला, तर एका जागी चेन तंग आणि अर्ध्या फेऱ्यानंतर ती लोंबणारी. सहा-सात कड्या वाकल्या की वाकलेल्याच राहत होत्या. चेनच्या कड्यांमधल्या ओरिंगच्या आतले ग्रीस उभ्या राहिलेल्या दीड वर्षात संपलेले असणार, आणि बाहेरून लावलेले तेल तिथे पोहोचत नाही. ज्या चेनचा ताण जागोजागी वेगळा येतो ती सुधारत नाही, हे पहिल्याच रविवारी मोजले असते तर कळले असते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा (चेन फिरते त्या दातेरी चाकांचा) पूर्ण संच बसवला, ४,८५० रुपये. नुसती चेन बदलू नये. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर जाते.

नव्या चेनसाठी ठरवलेला क्रम असा: कोरड्या दिवसांत ५०० किलोमीटरला, पावसात दर दुसऱ्या ओल्या दिवशी, आणि तेल सकाळी निघताना नव्हे तर संध्याकाळी घरी आल्यावर, चेन कोमट असताना लावायचे, म्हणजे रात्रभरात ते मुरते. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसण्याची पद्धत काही जणांत आहे, ती कुणीही अवलंबू नये. बोट चेन आणि दात्यांच्या मध्ये गेले तर वाचत नाही. चाक हाताने फिरवायला पाच मिनिटे जास्त लागतात.

२८ जून ते ६ जुलै. मीटर ४३,२६०

मागच्या शॉकअपचा जोड. संपूर्ण कामातला हा सर्वांत कठीण भाग ठरला आणि या काळात मी आठवडाभर पीएमपीच्या बसने कामावर गेलो.

या गाडीचा मागचा एकच शॉकअप थेट चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीला) जोडलेला नसून मध्ये एक दुवा आहे, आणि त्या दुव्यात सुयांसारख्या रोलरची बेअरिंगे आहेत. तो दुवा मागच्या चाकाच्या पुढे, खाली असतो. चाकाने उडवलेले सगळे पाणी आणि चिखल त्याच्यावर बसतो. तिथे ग्रीस भरायचे तर सगळे सुटे करावे लागते, त्यामुळे बहुतेक जण ते करत नाहीत. मी गाडी घेतली तेव्हा तरी ते झालेले नव्हते. दोन बोल्ट सरळ निघाले. तिसरा बोल्ट आतल्या नळीला गंजाने चिकटलेला होता आणि पान्याला लोखंडी पाइप जोडूनही हलत नव्हता. शनिवारी गंज सोडवणारे तेल मारले, रविवारीही मारले, सोमवार ते गुरुवार रोज सकाळ-संध्याकाळ मारले आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर पितळी दांड्याने दहा-वीस हलके ठोके दिले. शुक्रवारी रात्री हीट गनने भोवतालचा भाग तापवला, आणि शनिवारी सकाळी बोल्ट कुरकुरत फिरला. पहिल्या दिवशी माझ्या मनात गॅस कटरने कापायचा विचार आला होता. शेजारी रबरी बुशे आणि ब्रेकची नळी आहे, त्यामुळे तो सोडला हे बरे झाले.

बेअरिंगच्या सुयांचा तपकिरी भुगा झाला होता. बेअरिंगे, सीले आणि आतल्या नळ्या मिळून २,३०० रुपये, आणि वर्कशॉपमध्ये प्रेसवर जुनी काढून नवी बसवण्याचे ४०० रुपये. बसवताना पाण्यात टिकणारे ग्रीस सढळ हाताने भरले आणि बोल्टच्या अंगालाही लावले. रविवारी, आषाढी एकादशीच्या दिवशी, दुपारी गाडी जोडून झाली. रस्त्यावर नेल्यावर पहिल्याच गतिरोधकाला फरक कळला. आजवर मी ज्याला कडक शॉकअप समजत होतो तो न हलणारा जोड होता.

त्याच दिवशी एक नियम केला आहे: गाडी फवाऱ्याने धुवायची नाही. बादली, मग, फडके आणि थोडा शाम्पू. अर्धा तास लागतो. कोन सेट आणि हा जोड या दोन्ही ठिकाणी मला ग्रीसच्या जागी पाणी मिळाले आहे. हा दुवा दर वर्षी दिवाळीनंतर, पावसाळा संपल्यावर उघडायचा, मग किलोमीटर कितीही झालेले असोत.

२० जुलै, रविवार. मीटर ४३,७४०

पुढचा ब्रेक स्पंजसारखा लागत होता. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकणाऱ्या दोन पिनांपैकी एक जाम होती, त्यामुळे एकच पॅड तिरके झिजले होते. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावले, पॅड ७८० रुपये, डॉट-४ ब्रेक ऑइल २२० रुपये. ऑइल टाकीवर सांडू नये म्हणून आधी ओले फडके पसरले होते. हे ऑइल रंग खाते.

आणि एक सरकारी काम: गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवणे भाग होते, ४५० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळून ५३१.

२४ ऑगस्ट, रविवार. मीटर ४४,८९२. पावसाचे दिवस ६१

टॅपेट सेटिंग (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळचे बारीक अंतर जुळवणे) स्वतः करण्याइतका हात बसलेला नाही, म्हणून ते काम ओळखीच्या मिस्त्रींकडे दिले. १६ तारखेला मी सकाळी गाडी चालवत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी इंजिनाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "दादा, गरम इंजिनावर माप घेऊन काय उपयोग? धातू फुगलेला असतो. शुक्रवारी रात्री लावून जा, शनिवारी सकाळी उघडतो." मला हे माहीत असूनही लक्षात राहिले नव्हते; एक शनिवार गेला. काल ते काम झाले, ६०० रुपये. एका बाजूचे अंतर कमी झालेले निघाले. सकाळी गाडी पटकन सुरू न होण्याचे कारण मी बॅटरीत शोधत होतो, ते बहुधा इथे होते, कारण आज ती पहिल्या सेल्फला लागली.

तेल आणि फिल्टरही बदलला, १,३७० रुपये. मे महिन्यापासून ३,५५२ किलोमीटर झाले, पण तासांच्या रकान्यात १६१ हा आकडा आहे. तेवढ्या तासांत महामार्गावर साडेनऊ हजार किलोमीटर झाले असते. निघालेले तेल काळे आणि पाण्यासारखे पातळ होते. या वेळी गाडी डबल स्टँडवर सरळ होती, वायसर नवा होता, आणि बोल्टला टॉर्क पाना लावला.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. मीटर ४६,१४०

सकाळी पाने, सॉकेट, टॉर्क पाना आणि काकांनी मला दिलेल्या टायरच्या दोन छोट्या पट्ट्या पाटावर मांडून पूजा केली. मग आतापर्यंतचा हिशेब पुरा केला. सहा महिन्यांत सुट्या भागांचे आणि मजुरीचे २७,४५१ रुपये झाले, आणि टेम्पोचे ९०० वेगळे. यात वाया गेलेले तेल, हेलिकॉइल आणि चिमटलेल्या दोन ट्यूब मिळून २,७८० रुपये निव्वळ माझ्या चुकांचे आहेत. पेट्रोल, विमा आणि अवजारे यात धरलेली नाहीत. जुनी हिमालयन घेणाऱ्याने गाडीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षासाठी पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवावेत, आणि ती रक्कम नसेल तर कमी सीसीची, नवी, हलकी गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रोजच्या वापरात तिचे वजन जाणवते. पार्किंगमध्ये उतारावर मागे ढकलताना तर फारच जाणवते. पण खड्डेमय सर्व्हिस रस्त्यावर ते २१ इंची चाक ज्या निश्चिंतपणे जाते, त्यासाठी मी हे वजन रोज ढकलायला तयार आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. मीटर ४६,८६२

काल पहाटे ताम्हिणी घाटाने निघून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत हरिहरेश्वर गाठले आणि आज त्याच वाटेने परत आलो, एकूण ३८६ किलोमीटर. गॅलरीतल्या पेट्यांपैकी एकच, डावीकडची, लावली होती. उजव्या बाजूच्या सांगाड्यावर पाण्याचा डबा आणि हत्यारांची पिशवी बांधून वजन सारखे केले. पेट्रोल लिटरला ३३ किलोमीटर पडले. घाटाच्या वळणांवर हँडल कुठेही अडले नाही. माणगावनंतरच्या उखडलेल्या पट्ट्यात मागचा जोड मुकाट काम करत होता. हत्यारांची पिशवी उघडावी लागली ती एका दुसऱ्या गाडीवाल्यांचा सैल झालेला आरसा आवळण्यासाठी.

घरी आल्यावर समुद्राच्या वाऱ्याचे मीठ जावे म्हणून गोड्या पाण्याने बादलीने धुतली, चेन कोमट असतानाच तेल लावले. पुसताना उजव्या फोर्कच्या दांड्यावर तेलाचे बारीक वर्तुळ दिसले. आज सकाळी निघताना ते नव्हते. सील गेले असावे, किंवा वाळूचा कण अडकला असावा. आधी जुन्या फिल्मची पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवून कण निघतो का ते पाहीन, आणि बुधवारपर्यंत वर्तुळ परत आले तर दोन्ही बाजूंची सीले नाना पेठेतून आणून पुढच्या शनिवारी फोर्क उतरवीन. उद्या कामावर याच गाडीने जायचे आहे.